दवाखान्यातली धापमुळी

धापमुळी त्याला दिसली ती दाताच्या दवाखान्यात, पिण्याच्या पाण्याच्या यंत्राला टेकून उभी. रानात या जातीचं एकही झाड उरलेलं नाही असं त्याने स्वतः कितीतरी परिषदांत सांगितलं होतं. काही ठिकाणी जेवणाच्या आधी, म्हणजे लोक ऐकत असताना, आणि बहुतेक ठिकाणी जेवणानंतर. आणि ती इथे होती, निळ्या प्लास्टिकच्या बादलीत. बुंध्याशी कुणीतरी टाकलेला कापसाचा बोळा, आणि डोक्यावर भिंतीवरच्या चित्रातला प्रचंड, हसरा, निरोगी जबडा. गेले काही दिवस त्याची डावी दाढ ठणकत होती. ती त्या क्षणी थांबली. ठणका जणू उठून शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसला आणि काय होतंय ते बघू लागला. सुजलेला गाल हातात धरून तो यंत्रापाशी गेला, कागदी पेल्यात पाणी घेतलं, ते प्यायचं विसरला आणि वाकला.

“काका, काही पडलं का?” काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

“पेन,” तो म्हणाला. पेन त्याच्या खिशात, सगळ्यांना दिसेल असं, ताठ उभं होतं.

“सापडलं?”

“सापडलं.”

सापडली होती ती कळी. वरच्या एका पानाच्या बगलेत एकच कळी, आखूड, जाड देठावर. नराच्या कळ्या घोसाने येतात, बारीक, एकमेकींना ढकलत, गर्दी करून. एकटी येते ती मादीची. मादी पाहिलेला माणूस आता कुणी जिवंत नव्हता. तो नोकरीला होता त्या वनस्पतींच्या बागेत, वाळवलेल्या नमुन्यांच्या कपाटात, तिची एक फांदी होती, तपकिरी, चपटी, कागदाला शिवलेली, आणि त्या फांदीवर असंच एकटं, जाड देठाचं फूल. त्या कपाटाचा प्रमुख त्याचा मित्र. सगळी बाग त्याला वाळका म्हणायची, आणि तोही रागवायचा नाही, कारण खरोखरच तो आपल्या नमुन्यांसारखा दिसू लागला होता. वाळक्याला लगेच फोन करावा असं त्याला वाटलं. मग वाटलं, नको. काउंटरवरच्या बाईंना विचारावं, हे झाड कुठून आणलं. तेही नको. विचारलं की उत्तर येतं, हा त्याचा नोकरीभरातला अनुभव होता.

धापमुळीसाठी त्याने काय केलं होतं हे सांगायला गेलं तर काहीच सांगण्यासारखं नाही. तिला मरू दिलं नाही, एवढंच. बागेच्या काचघराचा तो प्रमुख होता. लहान होता तेव्हा, म्हणजे नोकरीत लहान, थोरल्या साहेबांनी एका डोंगरावरून हे झाड आणलं. त्या डोंगरावर लोक धाप लागली, दमा उसळला की हिची मुळी उकळून प्यायचे. मग व्यापारी आले, मुळ्या पोत्यांनी जाऊ लागल्या, आणि झाडाची मुळी काढली की झाड मागे राहत नाही, ही गोष्ट सगळ्यांना एकदमच कळली. थोरल्या साहेबांच्या हाती लागलं ते शेवटचं. डोंगरही पुढे खडीसाठी गेला. साहेबांनी झाड कुंडीत लावलं, ते जगलं, त्याला फुलोरा आला आणि कळलं की तो नर आहे. नाव बाईचं आणि जात पुरुषाची. नर आणि मादी वेगवेगळ्या झाडांवर, दोघं शेजारी असल्याशिवाय बी नाही. साहेब म्हणाले, हरकत नाही, फांद्या लावून वाढवू, तोवर मादी मिळेल. मग फांद्यांच्या कुंड्या झाल्या, कुंड्यांचा एक अख्खा ओटा झाला, ओट्यावरून दुसऱ्या बागांना कुंड्या गेल्या, त्या बागांनी तिसऱ्या बागांना दिल्या. साहेब गेले, मादी मिळाली नाही. समुद्रापारच्या बागांतसुद्धा आता धापमुळी होती, आणि या सगळ्या मिळून तो एकच होता. एकच माणूस शंभर घरांत एकाच वेळी एकटा बसलाय, असं त्याला कधी कधी दुपारी काचघरात वाटायचं, धुक्याच्या फवाऱ्यांचा आवाज थांबला की.

एकदाच आशा लागली होती. एका लांबच्या बागेने कळवलं, आमच्याकडची धापमुळी तुमच्यापेक्षा वेगळी आहे, स्वतंत्रपणे मिळालेली, पाठवतो. बागेत नुसता धुमाकूळ. वाळका म्हणाला, “स्थळ चांगलं आहे, मुलीला काही विचारू नका, लाजेल.” खोकं उघडलं, रोप कुंडीत गेलं, त्याचं कोडकौतुक झालं, आणि त्याला घोसाने कळ्या आल्या. तेव्हा त्याने पान उलटं करून पाहिलं. त्यांच्या ओट्यावरच्या नराची एक खोड होती: पानाची मधली शीर सरळ जाता जाता शेंड्याशी किंचित डावीकडे वळायची, पाठीमागून कुणी हाक मारावी आणि मान वळावी तशी. दुसऱ्या कुठल्या झाडाची वळत नसावी. कपाटातल्या फांदीची तर सरळ होती. नव्या रोपाची शीर डावीकडे वळली होती. त्यांनीच कधीकाळी दिलेली कुंडी बागाबागांतून फिरून, नाव-गाव विसरून, परत आली होती. घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, तेव्हा ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “म्हणजे तुमचाच नवरदेव गावभर मिरवून घरी आला.” मग बराच वेळ हसू दाबत राहिली, आणि शेवटी म्हणाली, “अहो, पण त्यांना वाईट वाटलं असेल हो. भावजींना.”

भावजी हे तिनेच ठेवलेलं नाव. लग्नानंतर तिने पाहिलं की हा माणूस सकाळी जातो, संध्याकाळी येतो, आणि रविवारीही त्याचा जीव तिथेच असतो. सवत म्हणावं तर पंचाईत, कारण ते झाड पुरुष. म्हणून तिने त्याला नवऱ्याचा भाऊ करून टाकलं. “भावजींची तब्येत कशी आहे?” “भावजी जेवले का, की तुम्हीच जेवताय?” मूल झालं नाही तेव्हा डॉक्टरांकडून परतताना बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत म्हणाली होती, “भावजींच्या घरीही हेच.” ती बस, तिच्या खिडकीची सैल काच, काचेचा खडखडाट आणि हे वाक्य, एवढं सगळं त्याच्या डोक्यात एकाच ठिकाणी ठेवलेलं होतं, आणि आता कळीसमोर वाकलेला असताना ते त्याला नेमकं सापडलं. तो सरळ झाला. गुडघ्यात कट्‌कन वाजलं. डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं.

दाढेला भोक होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एका बैठकीत भरून टाकू. तो म्हणाला, घाई नको. डॉक्टरीणबाईंना असा रुग्ण आजवर भेटला नसावा. त्यांनी आरशातून त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. दाढ भरायला दोनदा जावं लागलं. मग त्याला उजवीकडे थंड पाणी लागू लागलं. मग हिरडीचा संशय आला. मग दात साफ करून घ्यायला हवेत असं त्याचं त्यालाच पटलं, ज्या माणसाला बायकोने जन्मभर सांगून पटलं नव्हतं. दर वेळी तो वेळेच्या खूप आधी जायचा आणि पाण्याच्या यंत्राजवळची खुर्ची धरायचा. काउंटरवरच्या बाई आता त्याला ओळखू लागल्या होत्या. “आज कुठला दात, काका?” त्या विचारायच्या, हॉटेलात आज काय आहे विचारावं तशा. तो एखादा दात सांगायचा. कळी फुगत होती. खालचं हिरवं टोपण ताणलं जात होतं, आतला पांढरा जीव कडेने दिसू लागला होता. ज्या झाडाला काचघरात धुकं लागतं, खालून ऊब लागते, ते इथे वातानुकूलन यंत्राच्या झोतात, फिनेलच्या वासात, पेल्यातल्या उरलेल्या पाण्यावर वाढत होतं. पानांना कसलंसं तेल चोपडून चकचकीत केलं होतं. ती पानं त्याच्या नाकासमोर असायची. हात पुढे करून एक पान नुसतं उलटायचं होतं. शीर सरळ असली तर जातीचा वंश पुढे जाणार होता. आणि तिने मान डावीकडे वळवली असली तर नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांना पान उलटून बघायला शिकवलेला हा माणूस पान न उलटता कळीकडे बघत राहायचा. कळीचा पुरावा अधिक शास्त्रीय, असं तो स्वतःला सांगायचा. फुलोऱ्यावरूनच ठरवावं, पानांवर जाऊ नये. पुस्तकातही तसंच दिलेलं आहे.

बागेत दिवस बरे नव्हते. नव्या संचालकांना मोकळ्या जागेची हौस होती. ओट्यापुढे उभं राहून त्यांनी कुंड्यांवरून नजर फिरवली होती. “एकाच झाडाच्या एवढ्या प्रती कशाला? एक ठेवा. बाकीची जागा प्रदर्शनाला देऊ.” तो म्हणाला, एक ठेवली आणि तिला बुरशी लागली तर? संचालक म्हणाले, “दुसऱ्या बागेतून मागवू. आहेत ना सगळीकडे?” यात खोटं काही नव्हतं. “बी दाखवा मला,” संचालक शेवटी म्हणाले होते, खरं तर बऱ्याच सौजन्याने. “एक बी दाखवा, ओटा तुमचा.” तो निवृत्तीला आला होता. निवृत्तीनंतर ओटा कुणाचाच नव्हता. वाळक्याला त्याने अजून काही सांगितलं नव्हतं, पण त्या वाळवलेल्या मादीकडे तो रोज एकदा जाऊन यायचा. वाळका म्हणाला, “तिच्याकडे असा बघू नकोस, ती शंभर वर्षांची आहे.”

दवाखान्याचा नंबर त्याला बायकोच्या फोनमध्ये मिळाला होता. दाढ सुजली तेव्हा घरात दाताचा डॉक्टर कोण, हेच त्याला ठाऊक नव्हतं. तिचा फोन त्याने बंद केला नव्हता. चार्जिंगला लावायचा, काढायचा. तिने माणसांना नावं न देता कामं दिली होती. नळ. गॅस. इस्त्री. दात. आपण त्यात कुठे आहोत हे शोधायला त्याला बराच वेळ लागला, कारण तो आपलं नाव शोधत होता. तो ‘बाग’ होता. जायच्या आधीचे काही महिने तिला श्वास पुरत नसे. छातीत काय झालंय ते डॉक्टरांनी नीट सांगितलं, आणि तेवढ्याच नीटपणे सांगितलं की करण्यासारखं फारसं नाही. नाकाला नळी लावून ती पडलेली असायची आणि तरीही विचारायची, भावजी कसे आहेत. एकदा म्हणाली, “मुळी उकळून द्या की मला. वहिनीसाठी एवढं नाही करणार?” तो म्हणाला, “ती संरक्षित आहे.” ती हसली, तोही हसला, ते हसणं पुढे खोकल्यात गेलं आणि नर्सने त्याला बाहेर काढलं. बाहेर बाकावर बसून त्याने विचार केला होता. मुळीत काही नाही असं प्रयोगशाळेने म्हटलं नव्हतं आणि काही आहे असंही म्हटलं नव्हतं. अजून मुळ्या पाठवा, असं म्हटलं होतं. एक कुंडी उपटली असती तर काय झालं असतं? काही झालं नसतं. ओट्यावर इतक्या होत्या, आणि सगळा तो एकच. हा विचार आता दवाखान्याच्या खुर्चीवर परत यायचा, जबड्याच्या चित्राखाली बसायचा, आणि नंबर लागला की उठून त्याच्याबरोबर आत यायचा.

त्या दिवशी तो पोचला तेव्हा कळी उघडायच्या बेतात होती. टोपण फाटलं होतं, पाकळ्यांची घडी सैल झाली होती. खिशात भिंग होतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. साफसफाईच्या मावशी कोपऱ्यातून ओला पोछा ओढत येत होत्या. त्याने खिशात हात घातला. आणि काउंटरवरच्या बाई, स्क्रीनवरची नजर न काढता, मावशींना म्हणाल्या, “भावजींना पाणी घातलं का हो?”

“घातलं की मघाशीच,” मावशी म्हणाल्या. “भावजींना आज फूल येतंय बघा.”

भिंग त्याच्या हातात होतं. ते तसंच राहिलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून तो म्हणाला, “भावजी?”

“या झाडाला म्हणतो आम्ही,” बाई हसल्या. “एक काकू यायच्या कवळीसाठी. त्यांनी आणून ठेवलं. पिशवीतून काढलं, डब्यात लावलेलं, एवढंसं. म्हणाल्या, आमचे भावजी तुमच्याकडे ठेवून जाते, घरात एक आहेत तेवढे पुरे. फार गमतीच्या होत्या. त्यांचे मिस्टर म्हणे बागेत असतात कुठल्या तरी, शर्टाच्या खिशात फांद्यांचे तुकडे विसरतात. धुवायच्या आधी या खिसे रिकामे करायच्या, तुकडे टाकवेनात, म्हणून लावत बसायच्या. मेले बरेच, पण काही जगले. कोणाकोणाला दिलेत त्यांनी. खाली औषधाच्या दुकानात होतं एक, वाळलं ते. त्यांचं शिवणकाम करायच्या त्या बाईंकडे आहे अजून.” मग त्यांनी स्क्रीनवरून नजर उचलली. “बऱ्याच दिवसांत आल्या नाहीत पण.”

खिशात तुकडे येत असत हे खरं होतं. छाटणी करताना हात अडकलेले असले की तो तुकडा शर्टाच्या खिशात टाकायचा, आणि ते तुकडे जाळायचे असतात हा नियम त्यानेच लिहिलेला होता. संध्याकाळी शर्ट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकायचा. सकाळी तो दोरीवर असायचा. मधल्या वेळात शर्टाचं काय होतं याचा विचार त्याने इतक्या वर्षांत केला नव्हता. “खिशात बाग घेऊन येता,” ती म्हणायची, आणि तो समजायचा की ती रागावलीय.

त्याने पान उलटलं. शीर शेंड्याशी जाऊन डावीकडे वळली होती.

“पण कळी एकच कशी?” त्याने विचारलं. आपला आवाज त्याला परिषदेतला वाटला. “एकच कळी आली होती का?”

“कुठली एक? घोस होता हा एवढा,” बाईंनी हाताने दाखवलं. “मीच खुडला. खाली पडून घाण होते, चिकट असतं ते. एक ठेवली, दिसायला बरी.”

म्हणून देठ जाड. सगळ्यांच्या वाटचं एकट्याला मिळालं की जाड होतोच. फुलाकडे भिंग न्यायची आता गरज नव्हती, तरी त्याने नेलं, कारण फूल उघडत होतं आणि कुणीतरी बघायला हवं होतं. पाकळ्या मागे गेल्या. आत पुंकेसरांचं वर्तुळ, प्रत्येकाच्या टोकावर पिवळी पूड, भरपूर, ताजी, वेळेवर आलेली. मध्ये, जिथे बी धरायची जागा असते, तिथे काही नव्हतं. ओट्यावरच्या कुंड्या त्याच्या डोळ्यांपुढून गेल्या, आणि रिकामा ओटा, पुसून स्वच्छ केलेला. एक कुंडी ठेवतील. तिच्यापुढे पाटी लावतील, आणि पाटी खूप चांगली असेल.

“काका, चला, नंबर आला,” बाई म्हणाल्या.

खुर्ची मागे गेली, दिवा तोंडावर आला. डॉक्टरीणबाईंनी आरसा आत घातला आणि थांबल्या. त्याच्या दोन्ही डोळ्यांच्या कडांमधून पाणी कानांकडे चाललं होतं, आवाज न करता.

“एवढं दुखतंय? मग सांगायचं नाही का? कुठे?”

तोंडात आरसा होता. त्याने बोट वर केलं, छातीपाशी थोडं थांबवलं, आणि मग जी दाढ सगळ्यात जवळ होती ती दाखवली.

“ती तर मी भरलीय,” डॉक्टरीणबाई पुटपुटल्या. पण माणूस रडत होता. त्यांनी सुई टोचली. “पाच मिनिटांत काही कळणार नाही बघा तुम्हाला.” आणि खरोखरच ओठ आधी जड झाला, मग परका झाला, मग तिथे ओठ नव्हताच. अर्ध्या चेहऱ्याला काही कळेनासं झालं. उरलेल्या अर्ध्याला सगळं कळत होतं. त्यांनी भरलेली दाढ ठोकून पाहिली, शेजारची पाहिली, फोटो काढला, काही सापडलं नाही. “ठणठणीत आहे,” त्या जरा निराशेने म्हणाल्या.

बाहेर आला तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी कात्रीने एक फांदी कापली होती आणि ओल्या कापसात गुंडाळत होत्या. “बघत असता ना रोज, मला काय कळत नाही? घ्या. काकूंनी सांगूनच ठेवलंय, कुणी बघताना दिसलं की द्यायचं. जगतं हो, काही करावं लागत नाही.”

ओट्यावर तसल्याच होत्या. शास्त्राच्या दृष्टीने त्या तुकड्याचा काही उपयोग नव्हता. त्याला सांगायचं होतं की ती काकू आता येणार नाही. सांगायचं होतं की त्या काकूचे मिस्टर मीच. बधिर ओठांतून निघालं ते काही कुणाला समजण्यासारखं नव्हतं. बाई म्हणाल्या, “बोलू नका, जीभ चावली जाईल.” त्याने मान हलवली, तुकडा शर्टाच्या खिशात, पेनाशेजारी ठेवला, आणि निघाला. रस्त्यावर औषधाचं दुकान लागलं. तिथे काचेमागे एक रिकामी कुंडी होती, कुणी तिच्यात पावत्या खोचल्या होत्या. शिवणकाम करणाऱ्या बाई कुठे राहतात हे त्याला माहीत नव्हतं. तिच्या फोनमध्ये ‘शिवण’ असेल, त्याने मनाशी म्हटलं, आणि या शहरात कुठल्या कुठल्या खिडक्यांत आपल्या खिशातून गेलेला तो उभा असेल, मान डावीकडे वळवून, या विचाराने तो वर बघत चालला. बऱ्याच खिडक्या होत्या.

घरी येऊन त्याने दिवा लावला. तिचा फोन चार्जिंगला लावला. ओठाच्या जागी हळूहळू ओठ परत येऊ लागला होता आणि दुखत होता. त्याने शर्ट काढला, आणि खिशातलं काही बाहेर न काढता, नेहमीसारखा खुर्चीच्या पाठीवर टाकला. मग तो समोरच्या पलंगावर बसला आणि वाट पाहू लागला.